काचेला धूळ चालली

“खाली ठेव. भुईवर ठेव म्हन्लं ना!”

माझ्या दोन्ही हातांत सिनेमाच्या कॅमेऱ्याचं भिंग. पाण्यानं भरलेल्या तांब्याएवढं जड. खाली काळ्या वावरातली धूळ. समोर मालकाचा मुलगा, धाकले मालक. हात पाठीमागं बांधलेले.

परवा नात तिचा मोठा डिजिटल कॅमेरा घेऊन घरी आली. सिनेमावाल्यांकडं कामाला आहे. भिंग बदलायला बसली तशी मी म्हणाले, “आधी पंखा बंद कर. कॅमेऱ्याचं तोंड खाली कर. अन् टक् वाजल्याबगर हात सोडू नको.” ती बघतच राहिली. “आजी, तुला गं कुणी शिकवलं?”

कुणीच नाही. म्हणून लिहायला बसले.

नामांतराच्या दंगलीला दोन-तीन वर्षं झाली होती. राणीसावरगावच्या पलीकडं आमचं गाव. आमच्या बौद्धवस्तीला बंद झालेली वावरं नुकती उघडली होती. म्हणजे मालकानं बोलावलं आणि आम्ही गेलो. मान खाली घालून.

कपाशीवरच्या किडीची फिल्म काढायला शहरातून एक साहेब आला. वाऱ्यानं धूळ उडायची, भिंग बदलताना आडोसा लागायचा. वेचणीतून मला बोलावलं, हातात काळं कापड दिलं. मला वाटलं, सिनेमात घेतायत! दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल थापून, शेजारणीचं लुगडं नेसून गेले. अन् तिन्ही दिवस कापडाआडच उभी राहिले. असली शहाणी मी. वस्तीत सांगत सुटले, “माझ्याबगर त्यांचा कॅमेरा चालत न्हाई.”

अगदीच खोटं नव्हतं. वाऱ्याकडं पाठ करून, दोन्ही हात वर करून मी कापड धरायची. माझी सावली भिंगावर पडायची. तिचा कुणाला विटाळ नव्हता. हाताचा होता. भिंगाच्या पेटीजवळ जायचं नाही, ही पहिल्याच दिवशीची ताकीद.

साहेब हौसेनं मदतीला आलेल्या धाकल्या मालकांना शिकवायचा. “तोंड खाली. लाल ठिपक्यावर लाल ठिपका. जोर लावायचा नाही. टक् वाजलं की हलकं ओढून बघायचं, मगच हात सोडायचा. आणि धुळीचा एक कण आत गेला तर सगळं वाया!” शिकत होते ते. पाठ मला होत होतं.

तिसऱ्या दिवशी लांबडं भिंग धाकल्या मालकांनी स्वतः बसवलं. फिरवलं. टक् वाजलं नाही.

“मालक, वाजलं न्हाई.”

“आता तू शिकवायलीस व्हय मला? कापड धर गुमान.”

त्यांनी हात सोडला. भिंग निसटलं ते थेट माझ्या ओटीत. कमरेला बांधलेली वेचणीची ओटी, मधल्या वेळात वेचलेल्या कापसानं गच्च. ओरखडासुद्धा नाही. मी कापड टाकलं, भिंग उचलून त्यांच्यापुढं धरलं. शाबासकी मिळंल म्हणून हसत होते. येडी.

तेव्हा ते म्हणाले, खाली ठेव.

मी साहेबाकडं बघितलं. एका कणासाठी तीन दिवस ओरडणारा माणूस. कॅमेऱ्याचं तोंड उघडंच होतं. त्यानं आभाळाकडं बघितलं. “ऊन जातंय. लवकर करा.”

काचेला धूळ चालत होती. मी चालत नव्हते.

घरची चूल त्याच मजुरीवर होती.

“ठिवणार न्हाई. घ्यायचं तर हात फुडं करा.”

“माजलीस का? उद्यापासनं या वावरात पाय ठिवायचा न्हाई!”

हात पुढं आला नाही. मग मीच कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं. ठिपक्याला ठिपका. जोर न लावता फिरवलं. टक्. हलकं ओढून बघितलं. पक्कं. वेचणाऱ्या बाया ओळीत उभ्या राहून बघत होत्या.

मग ओटीची गाठ सोडली. सकाळपासून वेचलेला पांढराशुभ्र कापूस धाकल्या मालकांच्या पायापुढं धुळीत ओतला.

“ह्ये घ्या. ठिवलं भुईवर.”

त्या वावरात पुन्हा काम मिळालं नाही. आठवडाभर वस्तीतल्या कुणालाच मिळालं नाही. आमच्याच बायांनी मला शिव्या दिल्या. त्या साली ऊसतोडीला गेले, हात सोलून निघाले. साहेबाची फिल्म म्हणे गावोगाव दाखवली. मी कुठं दिसणार? मी धूळ अडवत होते.

तेव्हापासून एक ठरलंय. माझ्या हातचं ज्याला पाहिजे, त्यानं हात पुढं करायचा. वस्तू कितीही नाजूक असो, मागणारा कुणीही असो. भुईवर मी ठेवणार नाही.