आमच्या बटणबाई

बटणबाईंनी कधी आवाज चढवला नाही. बोलता बोलता मध्येच हलकेच एखादीचं नाव घ्यायच्या, आणि तिने हातातलं काम टाकून भिंतीवरचं, मशीन थांबवायचं म्हणून लावलेलं लाल बटण दाबायचं. क्षणभर उशीर झाला, की पुन्हा. बटणाला वायर नव्हती. बाईंनीच ते भंगारातून आणून ठोकलं होतं. कामतघरला एका चाळीच्या माडीवर एका ट्रस्टचा वर्ग चालायचा. फरसाण, बिस्किटं, सरबतं यांच्या कारखान्यांत लागण्याआधी मुलींना तिथे महिनाभर शिकवायचे. खाली कापडाच्या लूमची धडधड असायची, म्हणून आम्ही बाईंना अगदी चिकटून बसायचो.

नखं, केस, बांगड्या त्या रोज तपासायच्या. आतल्या गावातली सुरेखा नवी सून होती. चुडा काढायला सांगितला तेव्हा म्हणाली, "सासू घरात घेनार न्हाय, बाई." बाई दुसऱ्या दिवशी रिक्षाने तिच्या गावी गेल्या. सासूला म्हणाल्या, "बांगड्या ड्युटीपुरत्या काढेल. सकाळी जशी पाठवाल तशीच संध्याकाळी घरी येईल." सासूने मान डोलावली. मी बाईंसोबत गेले होते, म्हणून हे मला माहीत.

"पीठ वाया गेलं तर पुन्हा मळता येतं," असं बाई दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. आम्ही त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायचो.

मानकोलीजवळच्या एका फरसाणच्या कारखान्यात सुरेखा आणि मी एकाच दिवशी लागलो. पीठ मळायच्या मशीनवर जाळी होती. ती उघडझाप करण्यात वेळ जातो म्हणून सुपरवायझरने दुसऱ्याच आठवड्यात काढायला लावली. मशीन बंद केलं तर "किसने रोका?" म्हणून ओरडायचा. सुरेखा पहिल्यांदा बंद करायची, आणि बोलणी खायची. पुढे बंद करेनाशी झाली. तिसऱ्या महिन्यात पात्याला चिकटलेला गोळा काढताना तिचा उजवा हात मनगटापर्यंत गेला. मी शेजारच्या टेबलावर पाकिटं भरत होते. धावत जाऊन बटण दाबलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

चार दिवसांनी कारखान्याच्या साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "जाळी होती ना?"

"होती," मी म्हणाले.

"मशीन बंद करूनच हात घालायचा, हे वर्गात शिकवलं होतं?"

वडिलांना लूमवर दम लागून घरी बसून वर्ष झालं होतं. घरात माझ्या एकटीचाच पगार यायचा. मी म्हणाले, "आठवत नाही, साहेब."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादीची नखं पाहायच्या, तसं. मग पर्स उचलून बाहेर गेल्या. 'शिक्षण अपुरं, कामगाराचा निष्काळजीपणा' असं कागदावर आलं. ट्रस्टने बाईंना काढलं आणि महिन्याभरात वर्गही बंद केला. मी पर्मनंट झाले.

दोन वर्षांनी दापोड्याच्या एका गोदामाबाहेर बाई दिसल्या. खोक्यांना पट्ट्या लावायचं काम करत होत्या. हात पार फाटले होते. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. घरचं विचारलं, वडिलांचं विचारलं. मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "माझं राहू दे. सुरेखाकडे गेलीस का कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"रविवारी घरीच असते. जा." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात काविळीने गेल्याचं कळलं, तेही महिन्याभराने.

त्या रविवारी मात्र मी गेले. सुरेखा माहेरी परतली होती. ओट्यावर बसून डाव्या हाताने वाल सोलत होती. मला पाहून दचकली नाही. मी उभीच होते. मग सरकून तिने जागा केली.

"बस," ती म्हणाली. "पन च्या तुलाच करावा लागंल."