थंडीत करू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांवर टॉर्च मारला आणि मला विचारलं, “मोतीबिंदू इतका पिकू कसा दिलात?” आई न्यूमोनियाने निपचित पडली होती. मी हातातली फाइल पुढे केली. अडीच वर्षांचे कागद, तारखेप्रमाणे लावलेले. त्यांनी रक्ताचा पहिला रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, “ह्याच्यासाठी थांबलात? अहो, यात डोळ्यांचं ऑपरेशन करायला काही अडचण नव्हती...”

रेवा, निशांत, तुमच्या पणजीला जाऊन आज पाच आठवडे झाले. तिच्या लाडवांवर लिही, ओव्यांवर लिही, असं सगळे सांगतात. लिहीन कधीतरी. आज मला भांडायचं आहे.

सायखेड्याला चौथीपर्यंत शिकलेली आई रोजचा पेपर जाहीर नोटिसांसकट वाचायची. अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा ऑपरेशनचं तिनेच काढलं. आधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या. डॉक्टर म्हणाले, ल्युकेमिया असू शकेल, पण सावकाश चालणारा प्रकार. या वयात बहुतेकदा औषधही लागत नाही, अधूनमधून रक्त तपासत राहायचं. नक्की कळायला आणखी एक तपासणी करा. बाहेर येताच माझा धाकटा भाऊ, तुमचा विजूआजोबा, म्हणाला, “आईला एक अक्षर कळता कामा नये. हाय खाईल ती.” मी विचारलं, “आणि डोळे?” “आता कशाला चिरफाड, अक्का? थंडीत करू म्हणून सांगू.” ती दुसरी तपासणीही झाली नाही. आजार होता की नव्हता, ते आजही कुणाला ठाऊक नाही.

मी देवळाली कॅम्पच्या इंग्रजी शाळेत शिकले. मला तिथे घालायला आई घरात सगळ्यांशी भांडली होती. तेव्हापासून आमच्याकडे इंग्रजी कागद आला की तो मी वाचून दाखवायचा, लग्नपत्रिका असो की बँकेचं पत्र. आईने रिपोर्ट माझ्या हातात दिला. “काय म्हणतंय गं ते?” मी चष्मा लावला, कागद सरळ धरला आणि स्वच्छ आवाजात वाचल्यासारखं केलं... “रक्त जरा कमी आहे, आई. थंडीत करू.”

विजयने आईला सोडून बाकी सगळ्या गोतावळ्याला मात्र सांगितलं. शहाळी आणि केळी घेऊन माणसं येऊ लागली. “अगं, ही नांदगावची नणंद,” आई मला म्हणाली, “दहा वर्षं फिरकली नाही आणि आज माझे पाय चेपते. एवढं प्रेम कशाने उतू चाललंय?” मी हसून वेळ मारून नेली. एक थंडी गेली, दुसरी गेली. फोनच्या पडद्यावर तुम्ही चेहरे अगदी जवळ आणायचात, ती “गुणाचं गं लेकरू!” म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर मला हळूच विचारायची, “निशांतचं नाक कुणावर गेलंय गं?”

गेल्या वर्षी विजयने स्वतःचे दोन्ही डोळे करून घेतले. काळा चष्मा लावून तिच्या कॉटवर बसला होता. “दिसतं का रे नीट?” आईने विचारलं. “एकदम! भिंतीवरची पाल दिसते, आई.” “छान झालं,” ती म्हणाली. “मग माझी थंडी कधी यायची, विजू?” तो मोठ्याने हसला. मी चहा टाकायला उठले.

तेराव्यानंतर मी फाइल त्याच्यासमोर ठेवली. “मी काळजीपोटीच केलं, अक्का,” तो म्हणाला. “तुझे डोळे करताना कुणाची काळजी घेतलीस?” मी विचारलं. यंदा भाऊबीजेला ओवाळणार नाही, हे मी त्याला कळवलं आहे, लेखी. माझी शिक्षा अजून ठरायची आहे. खोटं मी वाचलं होतं, त्याने नाही.

परवा त्याने घर रंगवायला काढलं. आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा आहे. अडीच वर्षं ती भिंतीला हात लावून त्या वाटेने जायची. वळणावर पाचही बोटं वेगळी उमटलीत. तिथे थांबून ती पायाने उंबरा चाचपायची. रंगारी पॉलिश पेपर घेऊन आला तेव्हा मी स्टूल ओढून त्या पट्ट्यासमोर बसले.

“उठा ना आजी, लय काम पडलंय.”

“वरचं कर, खालचं कर. एवढं सोड.”

विजय धावत आला. “अक्का, असं काय करतेस? येणारे-जाणारे विचारतील ना, हे काय म्हणून!”

“विचारतीलच. तू सांग.”

रंगाऱ्याने पट्ट्याच्या वर-खाली चिकटपट्टी लावली आणि बाकीची भिंत पांढरी केली. संध्याकाळी रंग वाळला तसा तो पट्टा पहिल्यापेक्षा गडद दिसू लागला... विजय त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेला, आणि पाणी पिऊन येताना मात्र त्याला बघावंच लागलं.