मास्तरांची लांब गाडी

हे मी आईजवळ बोलले नाही, बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा मनात येऊ दिलं नाही. आता ठेवून ठेवून थकले, म्हणून लिहिते.

आधी माझं थोडं सांगते — म्हणजे मूळ गोष्ट टाळतेच आहे मी. मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथंही उत्तर येत असून गप्प बसायची. लग्नानंतर एकदा एसटीत कंडक्टरला 'थांबवा' म्हणायला तोंड उघडेना, तर उतरायचं ते बिद्री गाव मागं टाकून पुढच्या गावाला उतरले आणि उन्हातून चालत मागं आले. घरी सांगितलं, झोप लागली होती. असलं खोटं मला सहज जमायचं. त्याचं मला कधी काही वाटलंही नाही.

आमचे हे गाड्यांच्या सीटा शिवतात. उद्यमनगरात, दुसऱ्याच्या दुकानात. मी घरी मशीनवर त्यांच्या कव्हरांच्या कडांना पायपिंग लावून देते. एके दिवशी हे आले ते हसतच. मागच्या गल्लीतले दस्तगीर मास्तर गाडी विकणार होते. मास्तरांचा लग्नाचा बँड होता, पण डीजे आल्यावर बँडला कोण विचारतंय? गाडी जुनी, स्टेशन वॅगन. मागं लांबच लांब जागा. ढोल, ताशे, मोठी पितळी वाद्यं, सगळं मावायचं. गल्लीत तिला लांब गाडीच म्हणायचे.

ह्यांच्या डोक्यात सगळं तयार होतं. मागची सीट काढायची, तिथं फळी ठोकून माझी मशीन बसवायची. टपावर रेक्झिनचे गठ्ठे. मागचं दार वर उचललं की त्याला ताडपत्री बांधून सावली. आणि गळीत हंगाम सुरू झाला की थेट बिद्रीला, कारखान्यावर. तिथं उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, ड्रायव्हर नुसते बसलेले, खालच्या सीटा फाटलेल्या. रांग पुढं सरकेपर्यंत सीट शिवून तयार! कल्पना चांगली होती. आजही मला तसंच वाटतं.

त्यांनी स्वयंपाकघरात फरशीवर खडूनं गाडीचा मागचा भाग आखला, अगदी मापात. मधे पाट ठेवला. "बस की गं, बघू कसं दिसतंय." मी बसले. माझं तोंड उघड्या दाराकडं. म्हणजे समोर कारखान्याचं सगळं पटांगण, जिकडं तिकडं पुरुष — आणि मी मशीनवर. हे विचारत होते, "पाय पुरत्यात का? कात्री कुठं ठेवू तुझी?" मी म्हणाले, इथं. डाव्या हाताला.

'मला भीती वाटते' — एवढंच तर म्हणायचं होतं. हे रागावले असते का? नसते. मला तेव्हाही माहीत होतं. तरी ते तोंडून निघालं नाही. दुसरंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. मी मान खाली घालूनच म्हणाले, त्या गाडीतनं मढी नेत होते म्हणं. नळावर बायका बोलत होत्या.

नळावर कुणी काही बोललं नव्हतं. मी रचलं. शेंगा फोडता फोडता. गाडी लांब आहे, मागं माणूस आडवा मावतो — एवढ्यावरून मला ते सुचलं.

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. संध्याकाळी ह्यांनी दारात पाय ठेवला न ठेवला तोच सुरू — "मढ्याची गाडी आणतोस व्हय रं दारात? आन् त्यात सुनंला बसीवतोस? हिनं नळावर ऐकलंय सगळं. डोकं फिरलंय काय तुझं?"

"आई, दम धर की जरा," हे म्हणाले. "मास्तरांस्नी इचारतो. उगं कुणाच्याबी बोलण्यावर—" मग माझ्याकडं वळून, "चल, तूबी चल. तुझ्यासमोरच हुंदे."

मास्तर गाडी धूत होते. आम्ही घेणार म्हणून. ह्यांनी सरळच विचारलं, "मास्तर, राग मानू नका. हिच्यातनं मढी नेलीसा म्हणं?"

मास्तरांच्या हातातलं फडकं थांबलं.

"मढी न्हाईत ओ," ते म्हणाले. "एकदाच. आमच्या हिला आणलं दवाखान्यातनं. ती काळजाच्या दुखण्यानं गेली, पर साथीच्या दिसात कोण गाडी देतंय? मग मीच आणली." फडकं पिळलं. "सांगणारच हुतो तुम्हाला. तोंड हुईना."

मी खोटं बोलले होते आणि ते खरं निघालं होतं.

"पर तुम्हाला कुणी सांगितलं?" मास्तर म्हणाले. "त्या दिशी गल्लीत एक दार उघडलं न्हवतं. माझ्यासंगं एकटा म्हादबा हुता." म्हादबाकाका त्यांचे शेजारी. भिंतीला भिंत. मास्तरांनी डोक्याकडून धरलं आणि म्हादबाकाकांनी पायाकडून, असं त्या बाईला घरात घेतलं होतं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मास्तरांनीही. तेव्हा बोलायचं होतं मी — एवढीच तर वेळ होती. मी पदराच्या काठाकडं बघत राहिले. मग हेच म्हणाले, "नळावर बायका बोलत हुत्या."

मास्तरांनी शेजारच्या बंद दाराकडं बघितलं. "म्हंजे म्हादबानंच," एवढं म्हणाले आणि परत काच पुसायला लागले. निघताना मला म्हणाले, "पोरी, उन्हात थांबू नगं. जावा घरला."

सौदा मोडला. वाटेत हे म्हणाले, बरं झालं तू बोललीस. आणि मला त्या क्षणी काय वाटलं, सांगू? हलकं वाटलं. एका माणसाला त्याच्या बायकोचं मरण दारात उभं राहून सांगायला लावलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी गाळणार होते. पण लिहायचंच तर हेही लिहायला हवं.

गाडी पुढं कुणीच घेतली नाही. सासूबाईंच्या तोंडून सगळीकडं झालं होतं. शेवटी भंगारवाल्यानं ती दारातच कापून नेली. हे अजून दुसऱ्याच्याच दुकानात वाकून बसतात. कंबर धरते त्यांची. पुन्हा कसली गाडी घ्यायचं बोलले नाहीत.

आणि मास्तर म्हादबाकाकांशी बोलायचे थांबले. आधी सकाळचा चहा दोघांचा एका कट्ट्यावर व्हायचा. आता म्हादबाकाका नुसते कट्ट्यावर बसून भिंतीकडं बघून म्हणायचे, "काय चुकलं माझं, शिव्या दे, पर सांग तरी लेका!" मास्तर दार ओढून घ्यायचे. मी हे ऐकलंय, घागर कमरेवर घेऊन जाताना. कितीदा ऐकलंय. पुढं निघून गेले.

या उन्हाळ्यात म्हादबाकाका गेले. त्यांना नेताना मास्तर आपल्या दारात उभे होते. डोक्यावर टोपी, पायात चप्पल — म्हणजे निघायच्या तयारीत. पण पायरी उतरले नाहीत.

त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून मी चहा करून घेऊन गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर खांदा द्यायला आला न्हाई गं. काय बिनसलं हुतं ते ह्यास्नी मरस्तोवर कळलं न्हाई. तुला काय ठावं हाय का?"

"न्हाई ओ काकू," मी म्हणाले. आणि कपात चहा ओतला.

मास्तर आहेत अजून. रोज दारात बसलेले असतात. मी समोरून जाते.