एकाकी नायक आणि आमचे दादा

आमच्या दादांमुळे, म्हणजे वडिलांमुळे, मराठीतली एक थोर कादंबरी बिघडता बिघडता वाचली.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्या कादंबरीवर सिनेमा निघत होता. (गाणं नाही, नाच नाही, मारामारी नाही. थोडक्यात, कलात्मक!) सिनेमावाल्यांना जुन्या काळात शोभेलसं कौलारू घर हवं होतं. पेणच्या कॉलेजात मी तीच कादंबरी शिकवत होतो, म्हणून आपलं घर दाखवायला पुढे सरसावलो. रोह्याच्या माझ्या साडूनंही स्वतःची ओटी देऊ केली होती. पण पसंत पडली आमची! मी मुद्दाम फोन करून त्याला तसं कळवलं.

प्रसंग साधा होता. नायक भर दुपारी रस्त्यानं जातो. ओटीवरचा म्हातारा त्याच्याकडे नुसता बघतो, बोलत नाही. या जगात आपलं कुणी नाही, हे नायकाला तिथं उमगतं. म्हातारा म्हणून आमच्या दादांनाच घेतलं. त्यांची हयात मिठागरात गेलेली. चेहरा असा रापलेला की मेकअपवाला डबा न उघडताच परत गेला. दादा खूश! सकाळपासून इस्त्रीचं धोतर नेसून तयार.

"ॲक्शन!"

लोकरी कोटातला नायक घामानं निथळत आला.

"आरं पोरा, उन्हाचा कुठं चाललास? ये, पानी पिऊन जा!"

"कट!"

मी धावलो. "दादा, बोलायचं नाही!"

"दारावरनं जानाऱ्याला इचारायचं बी नाय?"

"अहो, त्याला जगात कुणी नाही!"

"म्हनून तर इचारलं!"

मग मी त्यांना आधुनिक माणसाचं एकटेपण समजावून सांगितलं. दादांनी मन लावून ऐकलं. (माझे विद्यार्थी असं कधी ऐकत नाहीत.) पुढच्या खेपेला ते खरंच बोलले नाहीत. नायक दिसताच त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या उचलून दाखवला.

"कट! आज जमलं नाही, तर उद्या रोह्याला जाऊ," दिग्दर्शक म्हणाले.

साडूचं हसू माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी तांब्या काढून घेतला आणि दादांना हाताची घडी घालायला लावली. दादा बिचारे पुतळ्यासारखे बसले. नायक आला, पायरीपाशी थबकला आणि म्हणाला, "काका, या वेळी पाणी नाही?"

दिग्दर्शक मटकन खुर्चीत बसले. कॅमेऱ्यातली फिल्म संपत आली होती.

दादा आपणहून उठले. "माज्यानं नाय व्हायाचं, बाला. कुनी तहानलेला दिसला की त्वांड गप ऱ्हात नाय. तूच बस."

ते आत गेले. धोतराची घडीसुद्धा मोडली नव्हती. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण रोहा त्याहून वाईट!

मला पांढऱ्या मिशा चिकटवल्या. नायक आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो खाली मान घालून निघून गेला.

"ओके!" पहिल्याच फटक्यात! दिग्दर्शकांनी मला मिठीच मारली. "काय ती कोरडी नजर! प्रोफेसर, कुठं शिकलात हा अभिनय?"

मी नम्रपणे हसणार, तोच बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"अभिनय कसला! घरी कुणीही आलं की हे अस्सेच बसतात."