नवरा जिवंत असताना उतरलेला चुडा

सुखीबाईचा विषय निघाला की लोक हळहळतात, "नशीब एकेकाचं." नशीब कसलं डोंबलाचं! आमचं शेत दिग्रसजवळ, तिच्या गोरमाटी बंजाऱ्यांच्या तांड्याला लागून. कापूस वेचताना तिच्या हाताचा वेग कुणाला नव्हता, आणि तोंडाचाही. माझ्यासारख्या भांडकुदळ माणसालाही ती चार शब्दांत गप्प करायची.

बासष्ट साली बाळंतपणानंतर तिचा पाय सुजून खांबासारखा झाला. नवरा नेमसिंग तिला एसटीनं यवतमाळला घेऊन गेला. तिथला एक डॉक्टर म्हणाला, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. त्यानं रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. "रोज घ्यायची, चुकवायची नाही." बस्स. रक्त जास्तच पातळ झालं तर काय होतं, कशावर लक्ष ठेवायचं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, यातलं अवाक्षरही नाही.

पायाची सूज उतरली. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पुन्हा एसटी, पुन्हा तोच डॉक्टर. "तुम्ही बाया मिसरी लावता, म्हणून. गोळ्या चालू ठेवा." बॅटरी मारून तोंडात बघायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत!

तेव्हा तिच्या दंडावर निळे डाग पडत होते. पण दिसणार कुणाला? गोरमाटी बाईचा दंड पांढऱ्या हाडाच्या चुड्यानं भरलेला. लग्नात चढतो, तो नवरा मेल्यावरच उतरतो. होळीच्या नाचात शेजारणीचा हात त्यावर आपटला. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं. इथं आतल्या आत रक्त साचत गेलं. दुसऱ्या दिवशी दंड टरारून फुगला, चुडा मांसात रुतला, बोटं काळीनिळी पडली.

नेमसिंगनं करवत काढली. त्याची आई जमनी आडवी आली. "नवरा जिता हाये अन् चुडा कापतं? कोणाचं मरण मांगून राह्यला?" तांड्याचा नायक फुलसिंगही म्हणाला, "शेक द्या, उतरन सूज." आणि सुखीबाई हात पोटाशी धरून बसलेली. "हात गेला तरी चालन. तुमाले काई झालं त मी काय करू?" मी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या. मला कोण विचारतो?

नेमसिंग तिच्यापुढं बसला. "मी मरीन तवा मरीन. तू आताच मरून राह्यली." त्यानं करवत चालवली. बाया छाती बडवून रडायला लागल्या, जणू दारात तिरडी बांधत होते.

हात वाचला. दिग्रसच्या डॉक्टरनं गोळ्या ताबडतोब बंद केल्या, इंजेक्शन दिलं. मी यवतमाळवाल्याला जाऊन जाब विचारला, तर म्हणतो, "दंड दाखवायला हवा होता." अरे, तू कधी विचारलंस का?

तांडा त्याच्याही वरताण. नेमसिंग नवा चुडा चढवू म्हणाला, तर जमनी म्हणाली, एकदा उतरला तो परत चढत नाही. नायकाच्या मुलीच्या लग्नात सुखीबाई हळद लावायला पुढं झाली, तर बायांनी तिला मांडवाबाहेर विधवांमध्ये बसवलं. नवरा आत जेवतोय, आणि ही बाहेर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नेमसिंग पत्रावळ उचलून बाहेर आला आणि तिच्याशेजारी मातीत बसला. नायक त्याला आत न्यायला आला.

"माह्यी बायको रांडमुंड असन, त मी मुडदा," नेमसिंग म्हणाला. "मुडद्यानं मांडवात कायले जेवावं?"