मार्थाआजींची थँकफुल

काही ऑफिसांत फायली साचतात, आमच्याकडे किस्से साचायचे. बंगलोरला बसवनगुडीत एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर चार कॉम्प्युटर मांडून आम्ही अमेरिकेतल्या कधीच्या काळी गेलेल्या माणसांचे नातेवाईक जुळवायचो! तिकडच्या पहिल्यावहिल्या वसाहतींमधल्या चर्चच्या नोंदींच्या झेरॉक्स कुरिअरने यायच्या. त्या टाइप करायच्या आणि वंशावळी लावायच्या. नव्वदीची मधली वर्षं. पुण्याला सासरमाहेरचे लोक मला सॉफ्टवेअरवाली समजायचे, आणि मीही समजू द्यायचे.

मालक होते अण्णा. त्यांचं घराणं सतराव्या शतकात मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. अमेरिकन गिऱ्हाईक "आमचं फार जुनं घराणं" म्हणालं, की अण्णा मिशीत हसायचे.

*

पहिल्याच दिवशी नावं वाचून मी चक्रावले. पेशन्स, सायलेन्स, होपस्टिल, थँकफुल!

"अण्णा, ही मुलींची नावं आहेत की शाळेच्या भिंतीवरच्या सूचना?"

"त्यात काय? क्षमा, शांता, आशा, कृतज्ञा. आपल्याच मुली की ह्या!"

"कृतज्ञा नावाची मुलगी तुम्ही कधी पाहिलीत?"

"नाही ना. म्हणून तर अमेरिकेत शोधायची!"

*

आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मार्थाआजी. वय ऐंशीच्या पुढे, आणि घाई फार. घाईला कारणही तसंच होतं. त्यांच्या नातीला मुलगी झाली होती, पण दिवस भरायच्या आधीच. बाळ हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं. आजींना तिचं नाव थँकफुल ठेवायचं होतं, घराण्याच्या मूळ आजीवरून. तेवढ्यात कुणा चुलतभावाने शोध लावला, की ती मूळ थँकफुल दोन महिन्यांची असतानाच गेली. नात म्हणाली, असलं नाव माझ्या बाळाला नको.

आजींचा फॅक्स आला, "ती तान्हेपणीच गेली असेल, तर मी कुठून आले?"

अण्णांना वाटलं, गेलेली थँकफुल त्याच आडनावाच्या दुसऱ्या घराण्यातली असणार. पण एका नावाची दोन घराणी वेगळी कशी ओळखायची? अण्णांनी आपल्या पद्धतीने उलटा फॅक्स केला, "कृपया गोत्र आणि मूळ गाव कळवावे."

दुसऱ्या दिवशी उत्तर, "पहिला शब्द डिक्शनरीत सापडला नाही. दुसरं शोधायलाच तुम्हाला सांगितलंय!"

*

एका घरात एकच नाव पुन्हा आलं, की कॉम्प्युटर 'डुप्लिकेट' म्हणायचा. अण्णांचा नियम होता, पहिलं ठेवा, बाकीची उडवा. आजींच्या घराण्यात एकाच आईबापांच्या पोटी तीन थँकफुल निघाल्या. अण्णा दोघींना उडवणार, इतक्यात सरोजाअक्का खुर्ची सरकवून उठल्या. अक्का आमच्या सगळ्यात जुन्या टायपिस्ट, तिसऱ्या कॉम्प्युटरवरच्या.

"स्वल्प थांबा, अण्णा. तारखा बघा की. पहिली गेली, मग दुसरी झाली. ती पण गेली, मग तिसरी."

"अगं, पण गेलेल्या मुलीचंच नाव पुन्हा कोण ठेवील?"

"आईच्या तोंडात ती हाक बसलेली असते, अण्णा."

अण्णांनी जुन्या सगळ्या फ्लॉप्या काढायला लावल्या. पुढचा आठवडाभर आम्ही उडवलेली पोरं परत आपापल्या घरी नेऊन बसवत होतो.

*

तिसरी थँकफुल जगली होती! लग्न, मुलं, नातवंडं, म्हातारपण, सगळं यथासांग. अण्णांनी फॅक्स केला नाही, थेट फोन लावला. आमची सकाळ, तिकडची संध्याकाळ. स्पीकर चालू केला आणि अक्कांना म्हणाले, "तूच सांग."

अक्कांनी आपल्या इंग्रजीत सगळं नीट सांगितलं. आजी रडल्या. मीही रडले, लपवायचं काय त्यात?

मग आजी म्हणाल्या, "म्हणजे त्या नावाच्या दोघी गेल्याच."

"हो."

"मग मी नातीला काय सांगू? बाळ अजून पेटीतच आहे." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?"

अण्णा हातांनी खुणा करत होते, नको, गिऱ्हाईक आहे! पण अक्का ऐकतात थोड्याच.

"आमच्याकडे चांगलं नाव ठेवतच नाहीत. वाईट ठेवतात, म्हणजे यम तिकडे बघत नाही. माझ्या आईच्या आधीची तीन भावंडं गेली. मग तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचलून आणलं आणि नाव ठेवलं तिप्पक्का. कन्नडमध्ये तिप्पे म्हणजे उकिरडा."

"मग?"

"मग काय? ऐंशी उलटली. परवाच आनेकलहून एकटी बसने आली, वाटभर कंडक्टरशी भांडत."

अण्णांनी कपाळाला हात लावला. पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा, कागद चाळल्याचा आवाज झाला. मग आजी म्हणाल्या,

"ते नाव हळू सांगा. लिहून घेते."