डोळे मिटून इंग्रजी

“जस्ट नोटिस,” असं म्हणून बाई तळहात छातीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी हे केलं तेव्हा मी दाराशीच उभा होतो. वर्गातल्या एकीनेही डोळे मिटले नाहीत. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींमधल्या बायका त्या. त्यांच्याकडे नोटीस येते ती घरमालकाची, नाहीतर बिल्डरची. शेवटी राणेकाकींनी धीर करून विचारलंच, “कसली नोटीस, मॅडम? आमच्या बिल्डिंगीक इली काय?” बाई डोळे न उघडताच हसल्या. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नाही आणि पुढेही कधी आवडलं नाही.

चिंचपोकळी स्टेशनपासून जवळ, एका मंडळाच्या माडीवरच्या खोलीत दुपारी बायकांसाठी फुकट इंग्रजीचा वर्ग चालतो. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे शिकवतो. माझी पद्धत जुनी. फळा, खडू, आणि एकेक वाक्य तोंडात बसेपर्यंत घोकून घ्यायचं. बाई प्रभादेवीच्या एका टॉवरमधून हौसेने शिकवायला यायच्या, हातात पेरूएवढा स्पीकर घेऊन. त्यावर त्या मनःशांतीचे इंग्रजी पॉडकास्ट लावायच्या. कुणी परदेशी बाई अर्धवट झोपेत असल्यासारखी बोलत राहायची. श्वास आत घ्या, श्वास बाहेर सोडा, खांदे सैल सोडा. “भाषा कानातून येते, सर,” बाई मला समजावायच्या, “आणि रिलॅक्स्ड कानातून पटकन येते.” कान रिलॅक्स कसा करतात ते मी विचारलं नाही, कारण त्यांनी करून दाखवलं असतं.

एकदा त्या स्पीकरमधून आवाज आला, “बी प्रेझेंट.” झालं. सगळ्या बायकांनी हात वर केले आणि त्या एका सुरात ओरडल्या, “प्रेझेंट, मॅडम!” माझा त्या दिवशीचा आनंद मी अजिबात लपवला नाही. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्या कधीच रागवायच्या नाहीत, हीच तर माझी मुख्य तक्रार होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि त्यामुळे समोरचा माणूस आपोआप भांडखोर ठरतो. गणपतीच्या आधी खालच्या चौकात ढोलपथकाची तालीम सुरू झाली की मी खिडकीतून ओरडायचो. बाई मागून हळूच म्हणायच्या, “आवाजाला येऊ द्या ना, सर. त्याच्याशी फाइट नका करू.” मग मी ढोलवाल्यांना सोडून मनातल्या मनात बाईंशी फाइट करायचो. वर्ग संपेपर्यंत माझं डोकं दुखायला लागायचं आणि बाई नुकत्याच आंघोळ करून आल्यासारख्या ताज्या दिसायच्या.

बायकांना त्या आवडायच्या, हे नाकारून चालणार नाही. कुणाचं कितीही चुकलं तरी बाई हसायच्या नाहीत. राणेकाकी पॉडकास्ट सुरू झाला की भिंतीला टेकून चक्क घोरायच्या. जाग आली की मला विचारायच्या, “ही बाई आमका शिकवता की निजवता?” आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तीच भिंतीकडची जागा धरायच्या. घरात नातवंडं आणि सुना असताना त्यांना दुपारी डोळा मिटायला मिळत नव्हता. एवढं पुण्य मी बाईंच्या नावावर लिहायला तयार आहे. त्याहून जास्त नाही.

कारण वंदना.

वंदना वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. मुलगी म्हणतो, पण तिला दोन शाळकरी पोरं आहेत. तिचा नवरा ज्या वर्कशॉपमध्ये कामाला होता ते बंद पडलं आणि घर चालवायचं तिच्यावर आलं. परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात बाईंची मैत्रीण व्यवस्थापनात होती. बाईंनी शब्द टाकला आणि वंदनाला चौकशीच्या काउंटरवर घेतलं, आधी काही महिने काम बघू, या बोलीवर. हेही बाईंनीच केलं, मान्य.

मी वंदनाला म्हटलं, रोज थोडा वेळ माझ्यापाशी बस. प्लीज वेट, आय विल कॉल द डॉक्टर, एवढं तरी पाठ कर. बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “पाठांतराने माणूस टाइट होतो, सर. तिचा टोन ऐका ना. किती सुंदर आलाय.” टोन आला होता खरा. वंदना डोळे मिटून बोलायला लागली की थेट स्पीकरमधली परदेशी बाई वाटायची. पण त्या सगळ्या इंग्रजीत श्वास होता, खांदे होते, समुद्राच्या लाटा होत्या. डॉक्टर कुठेच नव्हता. ‘लेट गो’ म्हणजे काय, असं तिने एकदा विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, “जाऊ द्या. आपण म्हणतो ना, जाऊ द्या हो, तसं.” अर्थ चुकीचा नव्हता, म्हणून मीही गप्प बसलो.

पुढचं मला वंदनानेच सांगितलं. एक माणूस म्हाताऱ्या वडिलांना व्हीलचेअरवर घेऊन काउंटरवर आला. वडिलांना श्वास घेता येत नव्हता आणि मुलगा इंग्रजीत ओरडत होता. “सर, त्यांना दम लागलाय हे मला लगेच कळलं हो,” वंदना म्हणाली. “मी वॉर्डबॉयला खूण पण केली. पण तो माणूस माझ्याकडेच बघत होता. काहीतरी बोलायला पाहिजे ना? इंग्लिशमध्ये?” तेव्हा तिने तळहात छातीवर ठेवला आणि तिला येत होतं ते सगळं इंग्रजी त्या गोड, संथ आवाजात म्हटलं. “ब्रीद इन. ब्रीद आउट. लेट गो.”

बापाला जाऊ द्या, असं त्या मुलाने ऐकलं. त्याच्या जागी मी असतो तरी मीही तेच ऐकलं असतं. वॉर्डबॉयने खुर्ची आत नेली, म्हातारा वाचला, बरा होऊन घरी गेला. मुलाने मात्र तक्रार केली, आणि त्याच संध्याकाळी वंदनाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. ती माझ्यासमोर हे सांगत होती तेव्हा हॉस्पिटलसाठी घेतलेली इस्त्रीची साडी तिच्या अंगावर होती. घरी अजून सांगितलं नव्हतं, म्हणून ती सकाळी तीच नेसून बाहेर पडली होती.

मी बाईंना खोलीतच गाठलं. म्हटलं, “तुमच्या मैत्रिणीला एक फोन करा. सांगा, पोरीची चूक नाही. आम्ही तिला शिकवलंच तेवढं.”

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, तुम्ही किती राग होल्ड करताय.”

“करतोय. फोन करा.”

“मी आत्ता त्या स्पेसमध्ये नाहीये.”

मी खरोखर खोलीत इकडेतिकडे पाहिलं. ही कुठली जागा म्हणतेय, मला कळेना.

“आणि माझ्या मैत्रिणीला ऑकवर्ड होईल हो,” बाई पुढे म्हणाल्या. “आधीच मी तिच्याकडे एक फेवर मागितलाय.”

म्हणजे अडचण ही होती. एवढ्या श्वासोच्छ्वासाखाली एका मैत्रिणीची भीड लपलेली होती. मला त्या क्षणी बाईंचा तिरस्कार वाटला आणि तो अजून गेलेला नाही. त्यांनी स्पीकर पिशवीत टाकला, मला नमस्कार केला आणि जिना उतरून गेल्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी येणं बंद केलं. राणेकाकी थोडे दिवस भिंतीला टेकून वाट बघत राहिल्या, मग त्याही माझी वाक्यं घोकायला लागल्या.

वंदना आता लालबागला एका मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जाते. काम सुटलं की तशीच शिंकत वर्गाला येते. परवा आली ती फोन पुढे करतच. बाईंनी आता स्वतःचा पॉडकास्ट काढला आहे. आम्ही बाकावर बसून ऐकला. बाई इंग्रजीत सांगत होत्या: गिरणगावातली माझी एक विद्यार्थिनी होती, तिची नोकरी गेली, आणि ती हसत माझ्याकडे येऊन म्हणाली, मी आता फ्री आहे, मी आता हॅपी आहे. मागे बासरी वाजत होती.

वंदनाने फोन थांबवला. “ही मीच ना, सर?”

“तूच.”

“पण मी तर मॅडमना नंतर भेटलेच नाही. फोन केला तर उचलला नाही त्यांनी.” तिने फोनकडे पाहिलं. “फ्री म्हणजे रिकामी ना?”

“तिथे तसा अर्थ नाही.”

“मग कसा?”

बाईंचं इंग्रजी वंदनाला मराठीत करून सांगायची मलाच लाज वाटत होती. तिने विचारलं, “याच्या खाली कमेंट लिहिता येते ना आपल्याला?” मी हो म्हटलं. मिरचीच्या बोटांनी ती एकेक अक्षर शोधून लिहायला लागली आणि लिहिताना मोठ्याने म्हणत होती. ती बाई मी आहे. मी हॅपी नव्हते. मला ती नोकरी पाहिजे होती. प्लीज तुमच्या फ्रेंडला फोन करा. सगळं इंग्रजीत, सगळं तिचं. नोकरीच्या आधी एक ‘द’ राहिला होता, तेवढा मी घालायला लावला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिने लिहिलेलं तिथे नव्हतं.

“काढून टाकलं?” वंदनाने विचारलं.

“काढलं.”

तिने पदराला हात पुसले, फोन मांडीवर घेतला आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहायला बसली. या वेळी ‘द’ तिने स्वतःच घातला.